सात लेकरांची माय

ही गोष्ट आपल्या शास्त्रात नाही, हे वडील दर वर्षी कीर्तनाआधी बजावून सांगायचे. एका राजाने सात भावांना धर्म सोडायला फर्मावलं. एकेकाने नकार देऊन जीव दिला, आणि धाकट्यालाही वाकू नकोस असं सांगणारी त्यांची आईच होती. शेवटी तीही मेली. आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट असलेलं पुस्तक शास्त्रात घेतलं नाही. ग्रीक भाषेतलं ते लिखाण ख्रिस्ती लोकांनी सांभाळलं. कोकणातल्या आम्हा बेने इस्राएल ज्यूंना कित्येक पिढ्या त्याचा पत्ताच नव्हता. मग ते इंग्रजीतून फिरत फिरत आलं आणि कुणीतरी त्याला मराठी कीर्तनाच्या साकी-दिंडीत बसवलं.

वडील रेल्वेत होते, म्हणून आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. आमचं घर तिथे एकटंच. हिवाळ्यात आमच्या दिव्यांच्या सणाला आई ते कीर्तन म्हणायची. गळा गोड होता तिचा. मला मात्र त्या गोष्टीतल्या आईचा भयंकर राग यायचा. कसली बाई ही, असं मी म्हटलं की वडील डोळे वटारायचे.

शेजारच्या अक्का धरणगावकडच्या शेतकरी घरातल्या. त्या उंबऱ्याशी बसून कीर्तन ऐकायच्या. एकदा त्यांचा नातू तापाने फणफणला, तेव्हा त्यांनी त्या सात लेकरांच्या मायलाच नवस बोलला. नातू बरा झाला. मेहरूणच्या तलावाकाठी निंबाखाली शेंदूर फासलेले सात दगड आले, आणि त्यांच्या मागे एक मोठा, तो माय. आईने ती वाटच सोडली. दगडापुढे वाकणं आमच्यात सगळ्यांत मोठं पाप.

मग दुपारी सगळीकडे सामसूम झाली की तलावाकडून बायांचं गाणं ऐकू येऊ लागलं. चाल आईचीच होती, शब्द खानदेशी. त्यांच्या गाण्यात ती माय मेलेली नव्हती. गेलेली लेकरं शोधत ती दारोदार फिरत होती, आणि जिथे तिचं नाव घेऊनही तिला काही वाहत नाहीत तिथलं लेकरू उचलत होती. आई हातातलं काम टाकून ऐकत राहायची. मी दार लावून घ्यायचे, तरी ते ऐकू यायचंच.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ विषमज्वराने पडला. डॉक्टरांनी हात टेकले. वडील ड्यूटीवर भुसावळला. तिन्हीसांजेला अक्का आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "माय कोपेल शे. पोऱ्याले तिन्हा पायवर घाल, बठ्ठं बरं हुई जाई."

 आईने भावाला गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. मी मागे धावले. मला तापाची भीती नव्हती, आईचीच वाटत होती. निंबाखाली वारा नव्हता, तरी पानं हलत होती. तिथे बसलेल्या बाया आम्हाला पाहून सरकल्या आणि त्यांनी जागा दिली, जणू आमचीच वाट पाहत होत्या.

आईने भावाला मोठ्या दगडापाशी ठेवलं. जन्मात कधी वाकली नव्हती ती वाकली, कपाळ टेकलं, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुला सात होते, तरी तू वाकली नाहीस. मला हा एकच मुलगा आहे गं. मला नाही जमत."