गेनादीचं एक वाक्य

योएन्सू शहरातल्या रशियन म्हाताऱ्यांत गेनादीइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. फिनलंडात येऊन वीस वर्षं झाली, पण पठ्ठ्यानं फिनिशचा एक शब्द जिभेला लागू दिला नाही. गरज काय होती? बायको होती ना. सायमी मूळची लेनिनग्राडजवळच्या फिनिश वस्तीतली. फिनलंडनं तिच्या लोकांना 'परत या' म्हटलं आणि तिचा हात धरून हा बॉयलर मेकॅनिकही आला. दुकानात ती बोलायची, डॉक्टरकडे ती बोलायची, शेजाऱ्यांशी भांडायचीसुद्धा तीच. हा मागं पिशवी धरून उभा.

"मी मेले ना, तर साधा पाव मागता यायचा नाही तुला," ती चिडवायची.

"तू गेल्यावर पाव गोड कुणाला लागणार आहे?" हा म्हणायचा.

सायमी मेली नाही. तिला विसरण्याचा आजार झाला. आधी चष्मा हरवला, मग घरची वाट, मग शेजारणीचं नाव. आणि एका हिवाळ्यात रशियन भाषाच गेली. सकाळी तिनं फिनिशमध्ये चहा मागितला. गेनादी हसला, त्याला चेष्टा वाटली. दुपारीही तेच. ज्या भाषेत दोघं जन्मभर भांडली, रुसली, ती पार पुसली गेली आणि लहानपणची तेवढी उरली. तो बोलायला लागला की ती परक्या माणसाकडे बघावं तशी अदबीनं बघायची. शेवटी तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथल्या पोरी तिच्याशी तासन् तास गप्पा मारायच्या आणि सख्खा नवरा शेजारी मुका. देवाला असले चावट विनोद फार सुचतात.

मग मात्र म्हातारा हलला. ग्रंथालयात दर बुधवारी परदेशातून आलेल्यांसाठी भाषेचा अड्डा भरायचा. कॉफी प्यायची आणि फिनिश बोलायचं. बहुतेक बायकाच, त्याच्या मुलीच्या वयाच्या. शेजारी बसायची सोमालियाची हावो, घरचे सांबुसे, म्हणजे तिकडचे सामोसे, डब्यातून आणणारी आणि कुणाची भीड न ठेवणारी. मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये दोघांचं हळूहळू छान जमलं.

"काका, वीस वर्षं काय मिठाची गुळणी धरली होती?"

"बायको बोलायची."

"वा! माझाही तसलाच. बसमध्ये ड्रायव्हरशी बोलायला मला पुढं ढकलतो."

गेनादीला सगळी भाषा नकोच होती. एक वाक्य हवं होतं: 'सायमी, मी गेना, तुझा नवरा.' पण फिनिशमध्ये पुरुषाला आणि नवऱ्याला शब्द एकच. 'तुझा' सांगणारं शेवटचं अक्षर चुकलं की नवऱ्याचा नुसता पुरुष होतो. ते नेमकं चुकायचं, आणि हावो हसून हसून टेबलावर डोकं टेकायची.

"काका, असं म्हणालात तर काकू ओरडतील, खोलीत कोण पुरुष शिरला म्हणून!"

शिकवणाऱ्या मार्केताबाई हसल्या नाहीत. कॉफी गार होईपर्यंत त्यांनी त्याच्याकडून घोकून घेतलं. अखेर वाक्य सरळ आलं तेव्हा सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. "हे काकूंना," म्हणत हावोनं दोन सांबुसे कागदात बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. वृद्धाश्रमाच्या अंगणातलं बर्फ वितळत होतं आणि सायमीला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिनं सांबुसा चाखला.

"तिखट आहे," ती म्हणाली.

गेनादीला ते कळलं! कित्येक महिन्यांत तिचं बोलणं त्याला पहिल्यांदा कळलं होतं.

"सायमी," त्यानं फिनिशमध्ये सुरुवात केली, "मी..."

तिनं झडप घालून त्याचं मनगट पकडलं आणि त्याला जवळ ओढलं. लहान मुलीसारखी ती इकडेतिकडे बघत होती.

"हळू! बाहेर ही भाषा बोलू नकोस. आई ओरडते. रशियन ऐकतील आणि आपल्याला पुन्हा गाडीत कोंबून नेतील."

अड्ड्यावरच्या फिनिशवर त्याला अर्थ लागला. लहानपणी तिच्या घरादाराला आगगाडीत भरून सायबेरियाला धाडलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी तिनं ते एका वाक्यात सांगितलं होतं आणि लगेच विषय बदलला होता. ही भीती मात्र तिनं त्याला कधी सांगितली नव्हती. रशियन नवऱ्याला कशी सांगणार? गेनादीला आपलं वाक्य अजून पाठ होतं, अगदी बिनचूक. पण त्यात 'गेना' हे रशियन नाव होतं. त्यानं ते गिळलं.

"इथं कुणी रशियन नाही," तो फिनिशमध्ये म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिनं त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग मनगट सोडलं आणि ती मोठ्यानं फिनिशमध्ये बोलू लागली.