गव्हातली बाजरी

बाजरी दळल्याचा गरम वास आला की माझे तळवे आजही पोळतात. आमच्या गावात केबल टीव्ही आला त्या वर्षी मी सातवीत होते. इंग्रजीच्या सरांनी 'रन'चा अर्थ विचारला, तेव्हा मी दोन सांगितले, पळणे आणि चालवणे. वडिलांनी केजहून आणलेल्या डिक्शनरीत मी वाचलं होतं, आम्ही गिरणी चालवतो तेही रनच. सरांकडं मात्र एका शब्दाला एकच अर्थ पाठ करायची रीत. "लई शहाणी झालीस? जा, मैदानाला दहा चकरा मार, मग कळंल रन म्हंजी काय!" फुफाटा तापलेला, पायात चप्पल नाही, आणि खिडक्यांतून सगळा वर्ग हसत होता. आठच दिवसांत होळी आली. वडील परगावी गेलते, गिरणीवर मी एकटीच. पुरणपोळ्यांसाठी सर गव्हाचा डबा ठेवून गेले. शाळेचे अध्यक्ष त्यांच्याकडं जेवायला येणार होते. बाजरीनंतर गहू दळायचा तर आधी पसाभर गहू घालून गिरणी साफ करायची, हा आमचा नियम. तो मी मोडलाच, वर त्यांच्या गव्हात दोन ओंजळी बाजरीही घातली. संध्याकाळी सर दारात उभे. "पोळ्या कावून फाटल्या गं? अध्यक्षांसमोर इज्जत गेली माझी." मी म्हणाले, "मला कुठं गिरणी चालवता येती सर? मला नुसतं पळता येतं." आता मीच इंग्रजी शिकवते. 'रन'चे सगळे अर्थ फळ्यावर लिहिताना त्या फाटक्या पोळ्या आठवतात, आणि तळवे गार पडतात.