इतर नावे असल्यास

दुकानात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. हे नाव मालकाने ठेवलं होतं, तेही चिडून. एका बाईंच्या चष्म्यात काच अर्धा मिलीमीटर सरकून बसली होती. बाई तो चष्मा लावून खुशीत घरी गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी ह्या गड्याने त्यांना फोन केला, की चष्मा परत आणा, माझ्या हातून चूक झाली आहे. मालकाने डोक्याला हात लावला. पुढे त्याच नावाची चौकशी करत गिऱ्हाइकं यायला लागली, तेव्हा मालकाचा राग गेला आणि नाव तेवढं राहिलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, त्याचं काच घासायचं यंत्र होतं. काच फिरायची, वरून पाण्याची बारीक धार पडायची, कडेची पांढरी पूड नखांत जाऊन बसायची. बावीस वर्षं तो तिथे बसला. थोडं इकडेतिकडे चालतं, हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारायचं नाही. माणूस सोन्यासारखा, पण असल्या माणसाच्या हातात सरकारी अर्ज आणि पेन एकदम देऊ नये. हे शहाणपण सगळ्यांना नंतर सुचलं.

बायको दोन रस्ते सोडून एका पाळणाघरात कामाला होती. आईवडिलांनी तिला आठव्या वर्षी एका देशात नेलं होतं, पासपोर्ट तिथला. ह्याचा जन्म आणि पासपोर्ट दुसऱ्याच देशाचा. आणि संसार तिसऱ्या देशात, कारण नोकऱ्या इथे लागल्या आणि तिच्या चष्म्याची काडी इथे मोडली. काडी बसवून देताना त्याने विचारलं, नाकावर टोचते का? ती म्हणाली, थोडी. चार वेळा बोलावलं तिला त्या थोडीसाठी. पाचव्या वेळी ती आपणहून आली, आणि पुढे नऊ वर्षं सुखात गेली.

ती त्याला ‘अहो’ म्हणायची. मराठी तिचं मोडकंतोडकं होतं, पण आई बाबांना जी हाक मारायची ती तिने जशीच्या तशी उचलली होती. नुसतं आखूड ‘अहो’ म्हणजे दूध उतू जातंय. लांबवलेलं ‘अहोऽऽ’ म्हणजे टॉवेल पलंगावर टाकलाय. आणि घरात शिरल्यावर चपला काढता काढता हळूच म्हटलेलं ‘अहो’ म्हणजे काही नाही, आहात ना घरात, एवढंच. त्या शेवटच्या ‘अहो’ला तो आतून ‘अगं, आहे’ म्हणायचा. दिवस तिथे संपायचा.

मग मालक थकला. त्याच्या मुलीने सांगितलं, दुकान वर्षभराने विकायचं. मिलीमीटरचा इथे राहायचा परवाना त्या दुकानाच्या नावावर, आणि बायकोचा त्याच्या नावावर. दुकान गेलं की दोघांनाही महिनाभरात गाशा गुंडाळायचा. त्याच सुमाराला तिकडे सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा ठरलं, की दोघांनी तिच्या देशात जायचं, सासूबाईंजवळ, कायमचं. तिला तिच्या देशात कोण अडवणार? प्रश्न त्याचा. त्याला नवरा म्हणून व्हिसा हवा, आणि तो अर्ज बायकोने करायचा.

अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाई स्वभावाने बऱ्या होत्या.

“दहा महिन्यांत होतं साधारण,” त्या म्हणाल्या. “नात्याचे पुरावे लागतील. पत्रं, फोनच्या नोंदी, मेसेज.”

“आम्ही एकाच घरात राहतो,” मिलीमीटर म्हणाला. “पत्रं कुणाला लिहू?”

“तेच तर. लांब राहणाऱ्यांचं सोपं असतं. असतील तेवढे मेसेज आणा.”

मेसेज निघाले. ‘अहो, दूध.’ ‘अहो, छत्री विसरलात.’ ‘अहो, किल्ली माझ्याकडेच.’ उत्तरादाखल त्याचं प्रत्येक वेळी ‘बरं’. नऊ वर्षांचा संसार असा चाळीस पानांत छापून निघाला, आणि वाचून बायको हसत सुटली. “एवढं बोलतो आपण?”

रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर दोघं अर्ज भरायला बसली. सही तिची, पेन ह्याच्या हातात. चौथ्या पानावर प्रश्न होता: ज्याच्यासाठी अर्ज करत आहात त्या व्यक्तीला आपण आणखी कोणत्या नावांनी हाक मारता? इतर नावे असल्यास सर्व लिहा. खाली तांबड्या शाईत, की माहिती लपवणाऱ्याचा अर्ज कायमचा बाद.

पेन थांबलं.

“तू मला काय म्हणतेस?”

“म्हणजे काय? अहो.”

“मग ते लिहायला हवं.”

“अहो, ते काय नाव आहे का!”

“बघ, म्हणालीसच. इथे ‘सर्व’ लिहिलंय. शिवाय मेसेजमध्ये पानोपानी आहे. उद्या म्हणाले हा अहो कोण, तर?”

“राहू द्या ना. उगाच कशाला?”

ऐकेल तर तो मिलीमीटर कसला? सुवाच्य अक्षरात, परक्या लिपीत, त्याने चौकटीत लिहिलं: अहो. कागद जरा लांब धरून पाहिला. समाधान झालं त्याचं.

चार महिन्यांनी पत्र आलं. ‘अहो’ या नावाचा जन्मदाखला, नाव बदलल्याचा हुकूम, आणि ‘अहो’ या नावाने जिथे जिथे वास्तव्य केलं तिथल्या पोलिसांचा दाखला, साठ दिवसांत पाठवावा. तोवर अर्ज थांबवला आहे.

बायकोने बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, निदान एक लांबलचक ‘अहोऽऽ’ तरी. पत्राची घडी घालून तिने ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं.

पोलिसांच्या कचेरीत कारकुनाने संगणकात पाहिलं. “या नावाची व्यक्ती आमच्याकडे नाही.”

“नाहीच आहे. तेवढंच लिहून द्या.”

“नसलेल्या माणसाला दाखला कसा देणार?”

“तो मीच आहे.”

“मग त्या नावाचं ओळखपत्र दाखवा.”

तीन वेळा तो तिथे गेला. शेवटी दोघं व्हिसाच्या कचेरीत गेली. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बाई, नाकावर चष्मा. मिलीमीटरला आधी काय दिसलं असेल, तर तिच्या चष्म्याची डावी काडी. स्क्रू सैल, चष्मा एका बाजूला कललेला, दर दोन मिनिटांनी ती तो बोटाने वर सारत होती. खिशातला छोटा पेचकस त्याच्या हाताला लागला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मध्ये काच होती, आणि ही काच त्याच्या कामाची नव्हती.

“ते नाव नाहीच,” बायको सांगत होती. “नवऱ्याला हाक मारायचा शब्द आहे. सगळ्याच बायका म्हणतात.”

“सगळ्यांच्या नवऱ्यांना हेच नाव?”

“हो. म्हणजे नाव नाही. माझी आईसुद्धा बाबांना—”

“तुमच्या वडिलांनाही ‘अहो’ म्हणत?”

“हो!” बायकोला वाटलं, कळलं एकदाचं.

अधिकारी बाईंनी चष्मा वर सारला आणि टिपून घेतलं. पुढचं पत्र तीन आठवड्यांनी आलं: अर्जदार स्त्रीचे वडील आणि पती यांचे एक नाव समान असल्याचे आढळले आहे, सबब उभयतांमध्ये लग्नापूर्वीचे रक्ताचे नाते नसल्याचा पुरावा द्यावा.

त्या पत्रावर मात्र दोघं हसली. पोट दुखेपर्यंत हसली. मग ती हसता हसता रडायला लागली, आणि काय करावं ते न कळून तो भांडी घासायला उठला. घासलेलीच होती, ती परत घासली.

वकीलबाईंनी शेवटी मार्ग काढला. प्रतिज्ञापत्र. ‘मी, सही करणारी, शपथेवर लिहून देते की माझ्या पतीस मी त्याच्या पासपोर्टवरील नावाखेरीज अन्य कोणत्याही नावाने हाक मारत नाही. अर्जातील व मेसेजमधील सदर शब्द हे नाव नसून केवळ उद्गार आहे, व यापुढे तो वापरला जाणार नाही.’

“हे शेवटचं कशाला?” मिलीमीटरने विचारलं.

“त्यांना आवडतं. आणि खरंच वापरू नका. पुढचे सगळे मेसेज, फोन, त्यांनी मागितले तर द्यावे लागतील. तो शब्द परत दिसला, तर माझ्या हातात काही नाही.”

बायकोने सही केली. तिची सही एरवी ऐटबाज असायची, ही शाळेतल्या पोरीसारखी आली. प्रतिज्ञापत्र मान्य झालं. अर्ज पुन्हा सुरू झाला, म्हणजे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

वर्ष संपलं. दुकानाची पाटी उतरली. यंत्र कुणीतरी टेम्पोत घालून नेलं, आणि भिंतीवर जिथे बावीस वर्षं पाणी उडत होतं तिथे एक पांढरा डाग उरला. परवाने संपले. तिला इकडे थांबता येईना, आणि त्याच्याबरोबर त्याच्या देशात जाता येईना, कारण अर्ज करणाऱ्या बायकोने आपल्या देशात घर आणि नोकरी दाखवल्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही. शिवाय सासूबाई अंथरुणात. विमानतळावर दोघांची दारं वेगवेगळी होती. ती दारातून वळली, तोंड उघडलं, आणि नुसता हात हलवला. भोवती माणसं होती, वर कॅमेरे होते. चूक कुणाची, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याचं आता काहीच करता येत नव्हतं.

तो चुलतभावाच्या माडीवरच्या खोलीत येऊन पडला. गावात आता त्याला ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. दुपारी पावणेदोनला तिचा फोन यायचा. वहीत तारीख, वेळ आणि किती मिनिटं बोलणं झालं, ते तो लिहून ठेवायचा, आणि दर महिन्याला पानं वकीलबाईंना पाठवायचा. त्यांचं उत्तर आलं: ‘छान. आता तुमच्या नात्याचे पुरावे भक्कम दिसत आहेत.’

पावणेदोनला फोन वाजला. त्याने उचलला.

“अ...” पलीकडून आलं, आणि थांबलं.

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तिने त्याचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पासपोर्टवर आहे तसं. कुठे अक्षराची चूक नव्हती. तरी दुसऱ्याच कुणाला तरी फोन आलाय असं वाटून त्याने क्षणभर मागे वळून पाहिलं.

“जेवलात का?” तिने विचारलं.

ताट कोपऱ्यात झाकलेलं तसंच होतं, कालचं.

“जेवलो,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिच्याशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.