कॅप्टनवरचा पहारा

माझं शेवटचं पोस्टिंग मस्कतमध्ये झालं. वादी कबीर, दुसरा मजला, ड्युटी एका सरड्यासमोर.

इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि इथे सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. मुलगी इरा बारा वर्षांची. तिच्या हट्टापायी हमरियातल्या एका दुकानातून कॅमेलिअन आणला. आपल्या घोयऱ्या सरड्याचा हा येमेनी भाऊबंद. दुकानदार म्हणाला, नर आहे. इराने नाव ठेवलं कॅप्टन. मी म्हटलं, "म्हणजे घरीसुद्धा सॅल्यूट मीच मारायचा!"

रुटीन पक्कं होतं. कॅप्टन वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून सकाळी पानांवर फवारा. मग ऊन देणारा दिवा. एसीचा झोत पिंजऱ्यावर नको. शेवटी नाकतोडे. जीभ सुटली की नाकतोडा गायब! असा नेम मी फायरिंग रेंजवरही पाहिला नाही.

मग एकाएकी त्याने खाणं सोडलं. अंग काळपट पडलं. फांदी सोडून तो जमिनीवर फिरू लागला आणि पुढच्या पायांनी कोपरा खरवडू लागला.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," बायको सुनीता हसली.

मला हसू आलं नाही. कोपरा खरवडणारा कैदी पळायच्या बेतात असतो, हे मला पक्कं ठाऊक. मी कडी आवळली, पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकली आणि पहारा लावला. पाळीपाळीने मी आणि इरा. आम्ही जितकं डोळ्यांत तेल घालून बघत होतो, तितका तो आणखी काळा पडत होता.

गुरुवारी ड्युटीवर फोन आला.

"बाबा, कॅप्टन डाउन. ओव्हर."

"पोझिशन?"

"फ्लोअर. डोळे बंद. बाबा, प्लीज कम."

माझा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस. चेहरा बघूनच म्हणाला, "यल्ला, रूह!" चल, नीघ! मी पळालो.

कॅप्टनला घेऊन दवाखाना गाठला. प्राण्यांच्या डॉक्टर केरळच्या होत्या. त्यांनी पोटावर अलगद बोट फिरवलं.

"मेल नहीं, फीमेल है. पेट में अंडे हैं."

"मॅडम, नर नहीं है घर में."

"फिर भी होते हैं. वो भाग नहीं रही थी, अंडे देने की जगह ढूँढ रही थी. गीली रेत दीजिए, गहरी. और पिंजरा ढँक दीजिए. कोई देखेगा तो वो खोदेगी नहीं."

"और पहरा?"

"वही तो रोक रहा है उसे! अंडे अंदर रह गए तो मर जाएगी."

मी वाळू धुऊन आणली, ओली केली. मुठीत दाबली की आकार धरेल इतकीच ओली, म्हणजे बोगदा ढासळत नाही. बादली भरून पिंजऱ्यात ठेवली, चारी बाजूंनी चादर टाकली आणि ऑर्डर दिली, "कोणीही बघायचं नाही."

शुक्रवारी सकाळी चादरीमागून खरखर ऐकू आली.

"बाबा! खोदतीये!" इरा उडीच मारणार होती. मी तिला धरून खाली बसवलं. आम्ही तिघं पिंजऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलो. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

आणि खरखर थांबली.

इराने माझा हात घट्ट धरला. मी वळलो नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला, आता वाळू लोटण्याचा. ती खड्डा बुजवत होती! मग फांदी हलली. इराने चादरीचं टोक उचललं. कॅप्टन वर बसली होती, पोट खपाटीला गेलेलं, अंग पुन्हा हिरवं. फवारा मारला, तर ती थेंबामागून थेंब पीतच राहिली. इरा ओरडली, सुनीता टाळ्या वाजवू लागली. मला मात्र रडू फुटलं.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

मग मी तिला नाईक बबनबद्दल सांगितलं. सरहद्दीवर मी पहाऱ्यावर होतो आणि तो माझ्या मागे खंदक खोदत होता. "माझ्याकडं काय बघतो? समोर बघ," एवढंच म्हणाला. मी समोर बघत राहिलो. एक गोळा पडला आणि मागचा फावड्याचा आवाज थांबला.

इरा ऐकत होती. मग तिने अडखळत विचारलं, "मग काका... वर नाही आले?"

"नाही, बाळा. नाही आले."