खुणेची फांदी

दारातला करंज छाटला, की ओल्या पाल्याचा वास येतो आणि मला गगनबावड्याकडचा तो सुनसान घाट आठवतो.

सायकलवर मी पुढं होतो, माझा दोस्त सुनील बराच मागं. वळणाआधी रस्त्यात एक हिरवी फांदी आडवी पडली होती. त्याला अडचण नको म्हणून मी उतरलो आणि ती दरीत ढकलली. पुण्य केल्यासारखं वाटलं.

वळण घेतलं आणि ब्रेक करकचून दाबले. पुढं निम्मा रस्ता खचून गेला होता. कडेला म्हशी राखत बसलेले एक आजोबा उठले.

“पावणं, खुणंला फांदी टाकलीती की मी. दिसली न्हाय व्हय?”

मी तोंड उघडायच्या आत वरून सायकलची टिकटिक ऐकू आली. उतारावर सुनील कधीच ब्रेक लावायचा नाही.