शुक्रीने उतरवलेलं घर

हुकुमाचा कागद दाराशेजारच्या दगडावर चिकटवला होता. शुक्रीने तो वाचला नाही. आधी चिकटपट्टी नखाने सोलून काढली, दगडावर डाग राहिला का ते पाहिलं आणि मगच कागद मुलाच्या हातात दिला.

"किती दिवस?"

"एकवीस," वाएल म्हणाला. "तोवर आपण घर पाडलं नाही, तर बाविसाव्या दिवशी मशीन आणणार. आणि मशीनचं भाडंही आपल्याकडूनच."

शुक्री अंगणात जाऊन उभा राहिला. तीन खोल्या, चौदा थर, कमानीचं एक दार. ओठ हलवत त्याने हिशेब केला.

"होईल," तो म्हणाला. "एकवीस दिवसांत उतरेल."

"काय उतरेल?"

"घर. मशीन लावलं तर दगडाचा चुरा होतो. मी एकही फुटू देणार नाही."

शुक्री जेरुसलेमचा पाथरवट. पूर्वेच्या टेकडीवर जन्मला, सत्तराव्या वर्षीही तिथेच होता. या शहराचा नियम असा की, कुठलीही इमारत बांधा, बाहेरून अंगावर दगड हवा. हा नियम इंग्रजांनी केला. पुढे इंग्रज गेले, जॉर्डनचं राज्य आलं, ते गेलं आणि इस्रायलचं आलं. नियम राहिला. त्यामुळे शुक्रीला पन्नास वर्षांत कामाची ददात पडली नाही. रुग्णालयाच्या पायऱ्या त्याच्या. दरीपलीकडच्या ज्यूंच्या नव्या वसाहतीतल्या निम्म्या भिंती त्याच्या. बांधकामाचे परवाने देणाऱ्या ऑफिसचा दर्शनी भागही त्याचाच, पायऱ्यांसकट. त्याच ऑफिसात त्याने स्वतःच्या घरासाठी चारदा अर्ज केला आणि चारदा नकार घेऊन त्याच पायऱ्या उतरला. चौथ्यांदा उतरताना त्याला तिसऱ्या पायरीची कड झिजलेली दिसली. दगड चांगला निवडला नव्हता. ते त्याला फार लागलं.

मग वडिलांच्या जागेवर त्याने विनापरवाना घर बांधलं. अकरा वर्षं लागली. सिमेंट वापरलं नाही. चुना भिजवायचा, मुरवायचा, मळायचा. शेजारी हसायचे. शुक्री म्हणायचा, "सिमेंट दगडाला गिळतं. चुना नुसता धरून ठेवतो." त्या चुन्याचा उपयोग अशा कामाला होईल असं त्याच्या मनातही नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणावर वाएलने तोंड उघडलं. वाएल चौतीस वर्षांचा, शहरात बस चालवायचा. गरम डोक्याचा.

"बाबा, त्यांचं काम तुम्ही का करून देताय? येऊ दे मशीन. जगाला दिसू दे. आपणच आपलं घर पाडलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"पाडत नाही. उतरवतोय."

"एकच ते!"

"एक नाही. सहा महिने माझ्या हाताखाली काढ, मग कळेल."

वाएलने भाकरी ताटात टाकली. "गालिबकाकाच्या हातातसुद्धा दगडच होता. त्याने फेकला तरी. तुम्ही उचलून रचून ठेवताय."

शुक्रीची बायको नझमिया हिने डाळीचं पातेलं खाली ठेवलं. गालिब हा शुक्रीचा धाकटा भाऊ. इस्रायली राजवटीविरुद्धच्या पहिल्या उठावात, एकोणिसाव्या वर्षी, चौकात सैनिकांची गोळी लागून गेला. त्याचं नाव या घरात असं वाटेल तेव्हा निघत नसे.

शुक्रीने घास संपवला.

"गालिबला दगड धरायला मी शिकवलं होतं," तो म्हणाला. "टाकी मारायला. हात चांगला होता त्याचा. माझ्यापेक्षा चांगला. जगला असता तर हे घर सात वर्षांत झालं असतं."

वाएल उठून गेला.

नझमियाची बहीण इस्रायलने शहराच्या कडेने घातलेल्या भिंतीपलीकडच्या गावात राहायची. तिने फोन केला: इकडे जागा आहे, दगड घेऊन इकडेच या, कोणी विचारत नाही. पण भिंतीपलीकडे राहायला गेलं की शहरात राहण्याचं निळं कार्ड जातं. मग शहरात यायलाही पास काढावा लागतो. शुक्रीने फोन हातात घेतला. "मेहुणी, माझे दगड सगळ्या शहरात उभे आहेत. मी कशाला बाहेर जाऊ?"

सामान त्याच टेकडीवर, नझमियाच्या भावाच्या दोन खोल्यांत गेलं आणि काम सुरू झालं.

छपराचा स्लॅब काँक्रीटचा होता. "तो मी घातलेला नाही, त्याचं मला काही नाही," असं म्हणत शुक्रीने तो फोडू मात्र दिला नाही. हादऱ्याने खालचे दगड तडकतात. करवतीच्या चकतीने तुकडे कापले आणि गल्लीतल्या माणसांनी दोरीने खाली सोडले. यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चौदाव्या थराला हात लागला.

शेवटी बसवलेला दगड आधी निघतो. सांध्यातला चुना पातळ पात्याने खरवडायचा. लाकडाची पाचर घालायची, लोखंडाची नाही. दगड दोन्ही तळव्यांनी हलवायचा, दात हलवतात तसा. सुटला की छातीशी घेऊन उतरायचं, फेकायचा नाही. दगडाच्या पाठीवर थराचा आकडा, मग जागेचा आकडा. हे काम नझमियाकडे. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं.

"एकोणचाळीस वर्षं संसार केला," डब्यात ब्रश बुडवत ती म्हणाली, "लिहिण्याचं काम कधी सांगितलं नाहीत. आता घर उतरतंय तेव्हा आठवण झाली."

"सातचं वरचं शेपूट नीट काढ. एक वाटतोय."

"तुमच्या डोळ्यांना वाटतोय."

नवव्या दिवशी एक दगड फुटला. शेजारचा फौझी भला माणूस, पण उतावळा. शुक्री पाणी प्यायला वळला तेवढ्यात त्याने पाचर सोडून पहार घातली. आठवा थर, कोपऱ्याचा दगड. आवाज आला आणि शुक्री न वळताच म्हणाला, "गेला."

फौझीचा चेहरा उतरला. "उस्ताद, एकच तर—"

"घरी जा फौझी. सगळेच घरी जा. खूप केलंत. उद्यापासून मी एकटा."

एकट्याने कामाचा वेग निम्म्यावर आला. तेराव्या दिवशी तो कमानीपाशी पोचला आणि थांबला. कमान एकट्याला उतरत नाही. जो लाकडी साचा खाली लावून ती चढवली तोच साचा पुन्हा खाली लावावा लागतो. मग दोन्ही पायथ्यांशी दोन माणसांनी एकाच ठोक्याला पाचरी मारायच्या. साचा हवा आणि दुसरा पाथरवट हवा.

साचा होता. सतरा वर्षं तो खुराड्याचं छप्पर झाला होता. नझमियाने कोंबड्या टोपलीखाली कोंडल्या आणि साचा धुऊन काढला.

पाथरवट चौदाव्या दिवशी सकाळी आपणहून आला. नहूम. चौऱ्याहत्तर वर्षांचा, कुर्दिस्तानातून आलेल्या ज्यू घरातला, बाप-आजापासून पाथरवट. त्याने आणि शुक्रीने बावीस वर्षं एका परांचीवर काम केलं होतं. शुक्री घर उतरवतोय हे खाणीवर त्याच्या कानावर आलं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

"अजून ओळंबा वाकडाच का रे तुझा?" तो फाटकातूनच अरबीत ओरडला.

"तुझे डोळे वाकडे," शुक्री म्हणाला. "ये."

वाएल नुकताच बसची पाळी संपवून आला होता. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"ह्यांचा नातू चौकीवर बंदूक घेऊन उभा असतो. आणि हे आपलं घर उतरवायला मदत करणार?"

"असतो उभा," नहूम म्हणाला. "मला आवडत नाही. त्यालाही आवडत नाही. पण असतो."

"मग जा त्याला मदत करायला."

"वाएल!" नझमिया म्हणाली.

नहूमने पिशवी खाली ठेवली नाही आणि तो गेलाही नाही. त्याची पुतणी बसमधल्या स्फोटात गेली होती, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. त्या आठवड्यात शुक्री त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला होता; आत जायची हिंमत झाली नव्हती. नहूमने खिडकीतून पाहिलं होतं. पुढे कामावर दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही.

"मला दुसऱ्या बाजूला माणूस हवा," शुक्री मुलाला म्हणाला. "आज हवा. सात दिवस उरलेत."

"मी उभा राहतो."

"तुला येतं?" नहूमने विचारलं.

"तुमच्या हाताने आमच्या दाराची कमान उतरणार नाही. मी उतरवीन. शिकवा."

शुक्रीने मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कमरेची हातोडी काढून त्याच्या हातात दिली. नहूमने एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"बरं झालं," तो म्हणाला. "कंबर धरलीच आहे. वहिनी, चहा करता का?"

साचा आत सरकवला. दोन्ही बाजूंना पाचरी लावल्या. शुक्री "हूं" म्हणाला की दोघांनी एकदम ठोका मारायचा. पहिल्या ठोक्याला वाएल मागे राहिला.

"बस चालवतोस का अशी?" नहूम बादलीवरून म्हणाला. "सिग्नल लागून गेला, तू अजून उभाच."

"गप्प बसा!"

"गप्प बसतो. पण कोपर आत घे."

वाएलने कोपर आत घेतलं. दहाव्या ठोक्याला लय जमली. वीस, पंचवीस. मग सांध्यातून चुन्याची बारीक धूळ झरली. कमानीने आपला भार साच्यावर टाकला होता. शुक्रीने हात वर केला. मधला दगड त्याने दोन्ही बाजूंनी मोकळा केला, पण काढला नाही.

"चढ," तो वाएलला म्हणाला. "तू काढ."

वाएलने दगड वर उचलला, छातीशी घेतला आणि एकेक पायरी चाचपत उतरला. खाली बसून त्याने तो मांडीवर उलटा केला. सतरा वर्षं दुसऱ्या दगडांत दडलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. तिच्यावर टाकीच्या रेघा होत्या, दोऱ्यासारख्या सरळ, एकसारख्या.

"ही बाजू कोणाला दिसणार होती?"

"तुला दिसतेय ना," शुक्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाएलने बसची रजा टाकली. नहूम रोज येऊन बादलीवर बसायचा, चुका काढायचा, दुपारी जायचा. विसाव्या दिवशी ऊन कलायच्या आत पहिला थर निघाला. नझमियाने जमीन झाडून पाणी मारलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी मशीन आलं. पुढे सैनिकांची जीप, मागे पोरगेलासा निरीक्षक, हातात नकाशा. त्याने नकाशा पाहिला, जागा पाहिली. सारवल्यासारखी स्वच्छ जमीन, आणि कडेला कमरेइतके उंच चौदा ढीग, ताडपत्रीखाली.

"घर कुठंय?"

"हे काय," शुक्रीने ढीग दाखवले. "उभं राहू नये असं तुमच्या कागदात लिहिलंय. उभं नाही. निजलंय."

निरीक्षकाने एक ताडपत्री उचलली. दगडांमागून दगड, निळे आकडे. "हे पुन्हा बांधणार?"

"कागदावर दगडांबद्दल काही लिहिलंय का?"

त्याने कागद उलटसुलट वाचला. दगडांबद्दल काही नव्हतं. "नंबर कोणी घातले?"

"मी," नझमिया म्हणाली. "वाचता येतायत ना?"

मशीन वळायलाही गल्लीत जागा नव्हती. ते उलटं, पीं पीं करत उतारावरून खाली गेलं. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून ते बघत होत्या. फौझी सगळ्यांत पुढे होता.

"किती भरले?" त्याने विचारलं.

"एक हजार एकशे सेहेचाळीस," वाएल म्हणाला. "एक फुटका."

फौझीने मान खाली घातली.

पाचवा अर्ज वाएलने भरला. दिला त्या दिवशी बापाला सोबत नेलं आणि तिसऱ्या पायरीशी मुद्दाम थांबवलं. "ही का?" त्याने विचारलं. शुक्री म्हणाला, "हीच," आणि कड चुकवून वर गेला.

आता वाएल सुट्टीच्या दिवशी ढिगांपाशी बसतो. आठव्या थराच्या कोपऱ्याचा दगड घडवतो. पहिला शुक्रीने काटकोन तपासायचा गुनिया न लावताच बाजूला सारला. दुसऱ्याला गुनिया लावला आणि मान हलवली. "केसभर. पण कोपऱ्याला केसभर चालत नाही." तिसऱ्याला पाच सुट्ट्या लागल्या. शुक्रीने तो चारी बाजूंनी तपासला, पालथा घालून पाठही तपासली. बराच वेळ लावला.

मग त्याने नझमियाला हाक मारली. "रंग आण. आठ घाल, आणि एक."

तिने ब्रश बुडवला.

"शेपूट नको काढू एकाला."

"माहितीय मला," नझमिया म्हणाली.