आक्काचे पांढरे दात

आक्का हसायची ती तोंडभर. पदर ओठांशी नेऊन हसणं तिच्या गावीही नव्हतं. मान मागे टाकायची, डोळे मिटायची आणि काळेभोर दात अख्ख्या वारज्याला दाखवायची. काळे म्हणजे किडके नव्हेत हं. हिरडीपासून टोकापर्यंत एकसारखा चकचकीत काळा रंग, रोज घासलेल्या लोखंडी तव्यासारखा. नवा माणूस आधी दचकायचा आणि लगेच स्वतःही हसायला लागायचा. मीही दचकले होते. मग तिच्याकडे भाड्याने राहिले.

तिची शेतं वाढत्या पुण्याच्या इमारतींखाली गेली होती आणि त्या बदल्यात गावठाणाच्या कडेला तिच्या नावाची एक इमारत उभी राहिली होती. वर आम्ही भाडेकरू, खाली पार्किंग. पार्किंगच्या एका कोपऱ्यात आक्काची म्हैस. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर एकदा फार सभ्यपणे म्हणाले, "अहो आक्का, पार्किंगमध्ये म्हैस बरी दिसत नाही." आक्काने त्यांच्या गाडीकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं. "तुमची दूध देती का?" आणि ते काळे दात. इंजिनियर दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर दुधाचं भांडं घेऊन रांगेत.

दातांचा रंग मिश्रीचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने दातांना लावायची. सकाळी लावायची, जेवल्यावर लावायची, म्हैस आटली की लावायची, पोरगा उलटून बोलला की लावायची. आमच्या देशावरच्या लाखो बायका हे करतात. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. पुरुषाने गुटखा खाल्ला तर घरात भांडण होतं, बाईच्या मिश्रीला मात्र सासूच तवा तापवून देते. मी तेव्हा तंबाखूविरोधी गटात काम करायचे, पत्रकं लिहायचे, वाटायचे. आणि मी झोपायचे तिथे, जिन्यातून रोज तंबाखू भाजल्याचा ठसका वर यायचा! अर्थातच पहिलं पत्रक आक्काला दिलं.

आठवड्याने ती आपणहून म्हणाली, "आनखी हायेत का गं ते कागुद? लई चांगला हाय. पूड सांडत न्हाय त्यातनं." 'मिश्री मारते' या ठळक मथळ्यात तिने मिश्रीची पुडी बांधली होती. मी भडकले. ती हसली. "आगं, तुझं काम तू कर, माझं मी करते. म्या तुला कधी म्हनले का, पत्रकं वाटू नगं?" तिच्याशी वाद घालणं असं होतं. आणि तरीही संध्याकाळी सभेहून उपाशी परतले की जिन्यातच हाक यायची, "लेकी, जगाला सुधारलंस का? मग आता भाकरी खा."

मग तिच्या मुलाचं, संदीपचं लग्न ठरलं. मुलगी कोथरूडची, त्यांचीही शेतं अशीच इमारतींखाली गेलेली. फक्त त्यांची आधी गेली, म्हणून ते आधी शहाणे झाले. बैठकीत आक्का काहीतरी बोलून मनापासून हसली आणि मुलीची आई संदीपला हळूच म्हणाली, "फोटोग्राफर चांगला सांगितलाय आम्ही. आईंच्या दातांचं तेवढं काहीतरी करून घ्या." एवढंच. आक्काचा मिश्रीचा हात इतकी वर्षं कुणाला टोचला नव्हता. फोटोत दात काळे येणार म्हटल्यावर घर खडबडून जागं झालं. तंबाखूने माणूस मरतो याची लाज नाही वाटली कुणाला. व्याह्यांपुढे रंग कसा दिसेल याची वाटली.

संदीपला वेळ नव्हता, म्हणून आक्काला घेऊन दातांच्या दवाखान्यात मी गेले. दवाखाना कसला, काचेचं दुकान. भिंतीवर नुसती हसरी तोंडं, नाक-डोळे नसलेली. डॉक्टरीणबाई गोड होत्या. साफ करून हे जाणार नाही, ब्लीचिंगने थोडे उजळतील पण डाग आतपर्यंत मुरलेत, वेडेवाकडे आहेत ते तारेने सरळ होतील पण तेवढा वेळ आपल्याकडे नाही, तेव्हा दात पुढून थोडे घासून वर पातळ चकत्या चिकटवू, व्हेनिअर म्हणतात त्याला, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. मग रंगांची पट्टी पुढे धरली. आक्काने म्हातारीच्या बारकाईने ती पट्टी पाहिली, दुधाचा कस बघावा तशी. "ह्यो द्या. गाईच्या दुधावानी. जरा पिवळट असू द्या, मानसाचं वाटंल." संदीपला फोन लागला. तो म्हणाला, सगळ्यात पांढरा.

बाईंनी आक्काचा गाल बाजूला ओढून धरला तेव्हा मला तो चट्टा दिसला. आतल्या बाजूला, खालच्या दाढेजवळ, पांढरा, खरखरीत. आमच्या शिबिरांत असल्या चट्ट्यांची चित्रं दाखवून दाखवून माझे हात दुखले होते. मी विचारलं, "डॉक्टर, हे काय आहे?"

"तंबाखूवाल्यांना असतं थोडंफार. लग्न झालं की एकदा दाखवून घ्या कुठेतरी."

"आत्ता का नाही?"

त्या हसल्या. त्यांचे दात फार सुंदर होते. "अगं, ते स्माइल-लाइनमध्ये येत नाही."

हे वाक्य मी नंतर सभांमधून सांगितलं. लोक हसतात. त्यांना वाटतं मी रचलं. मी संदीपलाही त्याच संध्याकाळी चट्ट्याचं सांगितलं. "ताई, एवढं लग्न होऊ द्या," तो म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्यापुढे मांडव होता, केटरर होता, भावकीतले रुसवे होते, आणि आईच्या गालात काय आहे ते फोटोत येणार नव्हतं.

लग्नात आक्का हसली नाही. कडक खायचं नाही, ऊस नाही, फुटाणे नाहीत, दाताने काही तोडायचं नाही, या सूचनांनी ती इतकी धास्तावली होती की तोंड उघडलं तर दात खाली पडतील असं तिला वाटत होतं. फोटोग्राफर सांगत होता, "आक्का, स्माइल!" आणि आक्काने आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर पदर धरला. पांढऱ्या दातांवर! मी पंगतीत बसून ते पाहत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

मिश्री मात्र सुटली होती. निदान आम्हाला तसंच वाटत होतं. तवा दिसेना, जिन्यातला ठसका गेला. संदीप मला मोठ्या तोंडाने म्हणाला, "बघा ताई, तुमच्या पत्रकांनी जमलं नाही, ते दातांनी केलं." तो चट्टा दाखवण्यासाठी मी आक्काच्या मागे लागले होते. ती आज-उद्या करत होती. नवी सून घरात आली, माहेरवाशिणी आल्या, म्हैस गाभण राहिली. मग एका दुपारी ती मला म्हशीजवळ उकिडवी बसलेली दिसली. एक गाल फुगलेला.

"आक्का, तोंडात काय आहे?"

तिने चोरी पकडल्यासारखं केलं नाही. उलट ओठ फाकवून दात दाखवले, लख्ख पांढरे. "बघ की. यक तरी डाग हाय का? डॉक्टरीण म्हनली, मिश्री दाताला लागता कामा न्हाय. म्या लागू देते व्हय? गालात धरते. तासभर धरावी लागती, पन दाताला टेकू देत न्हाय." आणि भाजल्याचा वास सुनेला सहन होत नाही, म्हणून आता जावेकडून तयार पूड यायची.

म्हणजे पूर्वी जी पूड दातांना लावून थुंकून टाकायची, ती आता तासन्‌तास त्याच चट्ट्यावर धरलेली. दात जपायचे म्हणून. डॉक्टरचं ऐकायचं म्हणून. मी तिच्यावर ओरडले, अगदी पत्रकाच्या भाषेत, कॅन्सर, मरण, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मरायचं कुनाला चुकलंय? पन पोराच्या सासुरवाडीत मान गेली तर ती कुठनं आनू?"

संदीप तिला अखेर मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला, तेव्हा तिला तोंडात दोन बोटंही घालता येत नव्हती. चट्ट्याची जखम झाली होती, गाठ मानेत उतरली होती. ऑपरेशन झालं. गाल गेला, खालच्या जबड्याचा तुकडा गेला, त्याच्यावरचे दातही गेले. पुढचे राहिले. हे मला आजही सहन होत नाही. नळीने दूध जायचं पोटात आणि पुढचे पांढरेशुभ्र दात मात्र तसेच.

व्हरांड्यात संदीप मला म्हणाला, "ताई, त्या डॉक्टरनं सांगायला पाहिजे होतं ना?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. कुणी याला क्रूरपणा म्हणेल. म्हणो. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी शेवटी आक्काला बोलता येत नव्हतं. मी गेले की ती हाताने भाकरी मोडल्याची खूण करायची, भुवया उंचावून विचारायची, खाल्लंस का? मी मान हलवायचे. बहुतेक वेळा खोटीच. पावसाळा संपता संपता ती गेली. शेवटच्या दिवसांत ती वेदनेने नुसती कण्हत होती, औषधालाही ती वेदना दाद देत नव्हती.

तेराव्याला मी बायकांमध्ये बसले होते. जेवणं झाली आणि आक्काच्या धाकट्या जावेने कमरेची डबी काढली. हातोहात डबी फिरली. "त्या मशिनीनं घात केला," जाऊ म्हणाली. "घासून घासून दातातनं इख आत गेलं. चांगली हसत-खेळत व्हती बाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगायला लागले. दात घासल्याने कॅन्सर होत नाही, मिश्रीने होतो, तो चट्टा आधीचा होता, मी स्वतः पाहिला होता. त्यांनी माझं सगळं ऐकलं, पाहुणीचं ऐकावं तसं. "तू शिकलेली हायेस बाय," एकजण म्हणाली. "पन आमची आज्जी नव्वदीची हून गेली. मिश्री लावूनच." या मरणातून गावाने धडा घेतला तो एवढाच, दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही.

सून कोपऱ्यात बसली होती. तिला दिवस गेले होते आणि सकाळपासून तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. तिच्या आईनेच तर दातांचा विषय काढला होता. जावेने तिच्याकडे पाहिलं आणि मायेने जवळ ओढलं. "मळमळतंय ना? ही घे, जरा लाव. लगीच थांबतं बघ. आमी समद्या बाळंतपनात लावायचो." आणि चिमूटभर पूड तिच्या तळहातावर ठेवली.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको, नको. तिने मूठ मिटली. टाकली नाही, मिटली. मग शिकलेल्या घरातल्या मुलीला शोभेल अशा अदबीने विचारलं, "ताई, तुमचं जेवण झालं ना?"